एका दिवसात पाहण्यासारखं

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास माझ्या सख्ख्या भावाने फोन केला आणि मला ओळखलं नाही. तसा त्याने तो मला केलाच नव्हता. त्याने बुसान शहराच्या पर्यटन चौकशीचा नंबर लावला होता, आणि त्या खोलीत कानाला यंत्र अडकवून बसलेल्या चौदा बायकांपैकी तो नेमका माझ्या वाट्याला आला. "नमस्कार, बुसानमध्ये आपलं स्वागत आहे, मी आपली काय मदत करू?" हे वाक्य मी अकरा वर्षं म्हणते आहे. ते म्हणताना माझा आवाज माझा राहत नाही. तो दोन पट्ट्या वर चढतो, गोड होतो आणि पंचविशीच्या आसपास कुठेतरी जाऊन थांबतो. पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला आणि मी तिथेच ओळखलं, कारण आमचे वडीलही अगदी तसेच खाकरायचे. "एका दिवसात बुसानमध्ये काय दाखवता येईल?" दादा म्हणाला. "बरोबर आई आहे. चौऱ्याऐंशी वर्षांची. फार चालवत नाही तिला. आणि ऐकू अजिबात येत नाही." त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, दादा, मी यनओक बोलतेय. आमचे कॉल रेकॉर्ड होतात, खाजगी बोलायला मनाई आहे, ही कारणं मी नंतर शोधली. त्या क्षणी तोंडातून आपोआप निघालं, "अरे वा, आईंना घेऊन येताय, किती छान!"

मग मी त्याला यादी सांगितली. हेउन्देच्या किनाऱ्याने हळूहळू जाणारी छोटी आगगाडी, मासळी बाजार, सोंगदोला समुद्रावरून जाणारी केबल कार. यातल्या एकाही ठिकाणी मी स्वतः गेलेले नाही. मी इथेच जन्मले, यंगदो बेटाच्या चढावरच्या त्याच घरात त्रेपन्न वर्षांची झाले, आणि समुद्र म्हणजे माझ्या लेखी कपडे लवकर वाळू न देणारी एक गोष्ट आहे. "आणि सर, यंगदो बेटावर जहाजदुरुस्तीची जुनी वस्ती आहे," मी पुढे म्हणाले. "पूर्वी तिथे बायका जहाजांवरचा गंज हातोडीने पाडत असत. आता तिथे सुंदर चित्रं काढली आहेत. ज्येष्ठांना तिथे विशेष जिव्हाळा वाटतो." हे आमच्या छापील माहितीतलं वाक्य आहे, ते मला झोपेतही म्हणता येतं. "ते नको," दादा म्हणाला. "ते सोडून सांगा." आमच्या आईने तिथे बावीस वर्षं हातोडी मारली, कान त्यातच गेले, आणि त्या पैशांवर दादा राजधानीत, सोलला शिकायला गेला. लग्नाच्या बोलणीत त्याने आई शिवणकाम करते असं सांगितलं होतं. "जशी आपली इच्छा, सर," मी म्हणाले.

तो फोन ठेवेना. अनोळखी माणसाशी बोलताना माणसं किती मोकळी होतात ते मी रोज ऐकते, पण तो दादा होता. "खरं म्हणजे," तो म्हणाला, "सोमवारी तिला शुश्रूषेच्या रुग्णालयात ठेवायचंय. आता तिथेच राहायचं. म्हणून म्हटलं आधी एकदा हिंडवून आणावं, नंतर मनाला लागून राहायला नको. बहीण असते तिच्याजवळ, पण तिला आता नको झालंय. तशी ती पहिल्यापासून जरा कोरडीच आहे." मी समोरच्या पडद्यावर वाढत जाणारे सेकंद पाहत होते. "मी समजू शकते, सर," मी म्हणाले. "आपला प्रवास सुखाचा होवो." नंतर ग्राहकांचे अभिप्राय आले. त्यात त्याने मला पाचपैकी पाच दिले होते. शेरा होता: अतिशय आपुलकीने बोलल्या.

संध्याकाळी त्याने माझ्या मोबाईलवर फोन केला, तेव्हा मी माझ्या खऱ्या आवाजात "हं" म्हटलं. "यनओक, मी नीट चौकशी केलीय, तिथल्या माणसांशी बोललो," असं म्हणून त्याने माझीच यादी मला वाचून दाखवली. रविवारी त्याला जमणार नव्हतं, ऑफिसचं काहीतरी होतं, तेव्हा आईला हिंडवायचं मीच. तो सोमवारी सकाळच्या गाडीने येईल आणि दहाला रुग्णालयाची मोटार येईल. "मग तिला सांगायचं कोणी?" मी विचारलं. "तूच सांग गं. गुडघ्याच्या उपचाराला जातोय म्हण, महिनाभर. तुझं कामच आहे ना लोकांना गोड बोलून सांगायचं." मी फोनवर काम करते एवढंच त्याला ठाऊक आहे, कुठे ते त्याने कधी विचारलेलं नाही. मला राग आला नाही. येईल म्हणून मी थोडा वेळ थांबले, मग तांदूळ धुवायला घेतले. गेल्या काही महिन्यांत हे असंच चाललं आहे. काहीतरी होतं, मी त्याच्या दुखण्याची वाट पाहते, आणि ते येत नाही. दंतवैद्याने सुई दिल्यावर आपलाच गाल दुसऱ्याचा असल्यासारखा वाटतो, तसं सगळं आहे.

आईला काही सांगायचं म्हणजे उजव्या कानापाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. ती हाताचा द्रोण करून कानामागे धरते आणि म्हणते, "हां? काय?" मग पुन्हा ओरडायचं. सरकारी योजनेतून मिळालेलं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून तिने ते बटणांच्या डब्यात टाकून दिलं आहे. आमच्या चढावर घरं अशी खेटून आहेत की मी आईला जेवायला हाक मारली की शेजारचा म्हातारा "आलो" म्हणून चेष्टा करतो. आईच्या कानात हळूच सांगण्यासारखी गोष्टच जगात नाही. जे सांगायचं ते सगळ्या गल्लीला सांगायचं. आई, तुला सोमवारी कायमचं रुग्णालयात ठेवणार आहोत. हे वाक्य मी शुक्रवारी मनात ओरडून पाहिलं, शनिवारीही पाहिलं. दोन्ही दिवस त्याऐवजी औषध घेतलंस का, असं ओरडले.

म्हणजे आई भ्रमिष्ट झाली आहे असं कोणी समजू नये. तिचं डोकं माझ्यापेक्षा तल्लख आहे. शरीर तेवढं गेलं. न्हाणीत ती दोनदा पडली, दोन्ही वेळा मीच उचलली, दुसऱ्या वेळी माझ्याच पाठीचा मणका सरकला. वर्षभरात तिसऱ्यांदा ती गॅसवर भांडं ठेवून विसरली, ते करपल्याचा वास तिला येत नाही, आवाजाचा तर प्रश्नच नाही. मी कामावर असताना कोणी नाही. तीन आठवड्यांपूर्वी मी स्वतः दादाला फोन करून म्हटलं की आता माझ्याने होत नाही. एवढंच म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी आई माझ्या आधी तयार होऊन बसली होती. जांभळं जाकीट, पुढे मोठी कड असलेली उन्हाची टोपी, आणि ओठांना माझी लिपस्टिक. "कुठे चाललोय?" तिने ओरडून विचारलं. ती नेहमीच ओरडते, तिला स्वतःचाही आवाज येत नाही. मी मोबाईलवरची यादी तिच्यापुढे धरली. ती डोळे बारीक करून दादाबद्दल म्हणाली, "ग्युनहोने पाठवलंय होय? मग पैसेही पाठवलेत की नुसतीच यादी?" आणि स्वतःच हसली.

किनाऱ्यावरच्या त्या छोट्या गाडीत सगळ्या बाकांची तोंडं समुद्राकडे आहेत. सगळे समुद्राचे फोटो काढत होते आणि आई मान वळवून माणसांकडे पाहत होती. मी तिच्या दंडाला धरून समुद्राकडे बोट केलं, तर म्हणाली, "त्यात काय बघायचंय? घरी जाऊन खिडकी उघडीन की." पलीकडच्या टोकाला एक नवरा-बायको काहीतरी खालच्या आवाजात बोलत होते. आई त्यांच्याकडे टक लावून पाहत होती आणि मध्येच तिला फस्सकन हसू आलं. त्या दोघांनी दचकून इकडे पाहिलं. मी मान लववून माफी मागितली. म्हातारपण, असं माझ्या चेहऱ्यावर असावं, कारण ती बाईही समजूतदारपणे हसली. उन्हात समुद्र खूप चमकत होता. आमच्या माहितीपत्रकात याला "पाचूसारखं पाणी" म्हणतात. मी पाचू पाहिलेला नाही. सुंदर असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि घड्याळ पाहिलं. अकरा वाजायचे होते. उद्या या वेळी तिचे कपडे कुठल्यातरी लोखंडी कपाटात लागलेले असतील. हे मनात आलं आणि आल्यासारखंच निघून गेलं.

मासळी बाजाराजवळ आम्ही जेवायला बसलो. डुकराच्या हाडांचा पांढरा रस्सा, त्यात भात, वर कांद्याची पात. आईने आपल्या वाडग्यातले मांसाचे तुकडे एकेक करून माझ्या वाडग्यात टाकले. लहानपणापासून ती हे करते आणि मी लहानपणापासून "नको" म्हणते, आणि ते तिला ऐकू येत नाही. आता सांगावं, असं मी ठरवलं. पोट भरलेलं असताना माणूस बातमी बरी घेतो, एवढाच विचार त्यात होता. मी तिच्या कानाशी वाकले. "आई, उद्या!" मी ओरडले. शेजारच्या टेबलावरचे चौघेही खायचे थांबले. मालकीणबाई हातात किमचीची बशी घेऊन उभी राहिली, "काय झालं, ताई?" असा चेहरा करून. "हां? काय?" आईने हाताचा द्रोण केला. "उद्या…" सगळे माझ्या पुढच्या शब्दाची वाट पाहत होते. "उद्या पाऊस आहे म्हणे!" मी ओरडले. आईने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "असू दे. मोटारीत बसल्यावर कुठे लागतो पाऊस." मला वाटलं, तिने पाऊस सोडून दुसरंच काहीतरी ऐकलं. तिचं असं नेहमी होतं. मालकीणबाई हसून म्हणाली, "मावशींचं खरंय," आणि किमची ठेवून गेली.

यादीप्रमाणे पुढे केबल कार होती. पण टॅक्सीत बसल्याबरोबर आईने ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाली, "पूल ओलांडा. कांगकांगीत चला." जहाजाच्या पत्र्यावर हातोडी पडली की जो आवाज होतो, त्यावरून त्या वस्तीला हे नाव पडलं आणि तिथल्या बायकांनाही. कांगकांगी बायका. लहानपणी शाळेत कोणी "कांगकांगीची पोर" म्हटलं की मी मारामारी करायचे आणि दादा वाट बदलायचा. ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "आईंना फिरवताय? आजकाल अशा लेकी कुठे राहिल्यात," तो म्हणाला. "माझ्या आईला मी चार वर्षं झाली ठेवलंय. महिन्यातून एकदा जातो." मी म्हटलं, "जातायत हेच खूप आहे." कामाचा आवाज लागला होता. तो खूश झाला.

वस्तीत एका मोठ्या इमारतीची पूर्ण भिंत व्यापून एका म्हातारीचं तोंड रंगवलेलं आहे, मी फोनवर कितीतरी लोकांना त्याचं वर्णन केलं आहे. आईने मान वर करून ते नीट पाहिलं आणि निकाल दिला, "हिच्या डोक्याला फडकं कुठाय? गंज डोळ्यांत जाईल ना हिच्या." खाली धक्क्यावर अजूनही दोन मासेमारी बोटी दुरुस्तीला ओढून ठेवल्या होत्या. बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाहुण्यांसाठी अनुभवाची सोय होती. गंजलेल्या पत्र्याचा तुकडा, हातोडी, कानांवर बसवायचे जाड गोळे, पाच मिनिटं. पोरीबाळी हसत हसत ठोकत होत्या आणि एकमेकींचे फोटो काढत होत्या. शेडमध्ये शिरल्याबरोबर तो आवाज माझ्या दातांत गेला. मी तो चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. मी शाळा सुटल्यावर आईचा डबा घेऊन इथे यायचे. मोठमोठ्या जहाजांच्या पोटापाशी दोरांनी टांगलेल्या फळ्यांवर बायका ओळीने बसलेल्या असायच्या, डोकं तोंड फडक्यात, फक्त काम थांबलं की फडकं हनुवटीखाली ओढायच्या. वरून लाल भुकटी गळायची. मी खालून ओरडायचे आणि माझाच आवाज मला यायचा नाही. त्या बायकांचे ओठ हलायचे, पण आवाज नसायचा, आणि मला वाटायचं, इतका वेळ उन्हात बसून त्या सगळ्या जणी स्वतःशी पुटपुटायला लागल्या आहेत. मोठी झाल्यावर मी अशी होणार नाही, कुठल्यातरी थंड खोलीत बसून नीट बोलण्याचं काम करीन, असं मी ठरवलं होतं. ते तसंच झालं.

आई सरळ एका पोरीपाशी गेली, तिच्या हातातून हातोडी काढून घेतली आणि मनगट कसं सैल सोडायचं ते दाखवलं. पोरीने तिला कानाचे गोळे देऊ केले. "आता कशाला?" आई म्हणाली आणि ठोकायला लागली. तिची हातोडी इतरांपेक्षा वेगळी वाजत होती, एका ठेक्यात, पापुद्रे सरळ सुटून पडत होते. लोक बघायला जमले. तेवढ्यात शेडच्या पार दुसऱ्या टोकाला, चहाच्या खिडकीत, एक ठेंगणी म्हातारी उभी राहिली. ती दकनाम मावशी होती. आई आणि ती एकाच फळीवर बसायच्या, मी तिला आईच्या सत्तरीनंतर पाहिलं नव्हतं. आमच्यामध्ये पंधरावीस माणसं होती आणि सहा हातोड्या चालू होत्या. दकनाम मावशीने हात हलवला आणि तिचे ओठ हलले. माझ्यापर्यंत एक अक्षर आलं नाही. आईची हातोडी थांबली.

"उद्या नेतायत!" आईने ओरडून उत्तर दिलं.

मावशीचे ओठ पुन्हा हलले.

"दहाला! मोटार येणार आहे!" आई ओरडली. बाकीच्या हातोड्या थांबल्या होत्या, पण आईला ते कसं कळणार. "नाही गं, महिनाभर कसलं! कायमचं! गुडघा म्हणतील, पण कायमचं!"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले, कारण आईच्या शेजारी मीच उभी होते. मी हसले. कामावर हसते तसं हसले, तेवढंच मला करता आलं. मग आईला एका पोरीपाशी सोडून मी चहाच्या खिडकीपाशी गेले आणि विचारलं, "मावशी, तुम्हाला कोणी सांगितलं? आईला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार?" दकनाम मावशी म्हणाली. ती एका कानाने ऐकते. "मी विचारलं, लिपस्टिक लावून कुठे निघालीस. म्हणाली, उद्या नेतायत. अगं, तू तिची लेक ना? ग्युनहोची आई ओठ वाचायची, आम्ही सगळ्याच वाचायचो. त्या आवाजात बोलणार कशाने? पण तिच्यासारखी कोणी नाही. मुकादम धक्क्याच्या त्या टोकाला कारकुनाशी बोलायचा, कोणाची हजेरी कापायची, आणि ही इकडे फळीवर बसून आम्हाला शब्दन् शब्द सांगायची. तीस हातांवरून!" मावशीने माझ्यापुढे आल्याचा चहा ठेवला. "घरी काय करते? तुम्हाला माहीत नव्हतं?"

"घरी ती 'हां? काय?' म्हणते," मी म्हणाले.

मावशी खूप हसली. तिला खोकला आला. "बनेल आहे म्हातारी," ती डोळे पुसत म्हणाली. "मीही नातवंडांशी तेच करते. नाहीतर कोण येतंय जवळ? कानाशी तोंड आणायचं म्हणजे गळ्यात हात टाकावाच लागतो ना."

चहा गरम असणार, कारण नंतर संध्याकाळपर्यंत माझी जीभ खरखरीत लागत होती. तेव्हा मला काही कळलं नाही. मी उभ्या उभ्या मोजत होते. शनिवारी जिन्यापाशी दादाशी दहाची मोटार, गुडघ्याचं निमित्त, सगळं बोलले, आई दारात चपला लावत होती. त्याआधी स्वयंपाकघरात रुग्णालयाच्या बाईशी बोलले, आई टेबलापाशी. माझी सवय अशी की आईसमोर फोन आला तर मी आवाज खाली आणायचे, सभ्यपणा म्हणून, पण तोंड फिरवलं नाही कधी. बहिऱ्या माणसापुढे तोंड कशाला फिरवायचं? आणि मग मोजत मोजत मी तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या दुपारी पोचले. आई समोर जमिनीवर बसून मोडाच्या कडधान्याच्या शेपट्या खुडत होती, मी ओट्याला टेकून तिच्याकडे तोंड करून उभी होते, आणि मी दादाला म्हटलं, "एखाद्या दिवशी झोपेतच गेली तर बरं. तिच्यासाठी नाही म्हणत. माझ्यासाठी बरं." ते मी अगदी शांतपणे म्हटलं होतं. आईने पुढची शेपटी खुडली होती. त्या क्षणी तिने वर पाहिलं होतं की नव्हतं, हे मला काही केल्या आठवेना. मोड आठवत होते, चाळणी आठवत होती, तिचे हात आठवत होते. चेहरा नाही.

आता मला दुसरं काही नको होतं. सोमवार कसा का होईना, रुग्णालय, दादा, सगळं ठरल्याप्रमाणे होऊ दे. तिने ते वाक्य पाहिलं की नाही, एवढंच मला हवं होतं. आणि विचारावं कसं, ते कळत नव्हतं. पाहिलं नसेल तर मीच तिला ते दाखवल्यासारखं होणार. मी आईपाशी परत आले आणि "घरी जाऊ या" अशी खूण केली. आईने मान हलवली. "यादीत अजून एक आहे ना? ग्युनहो विचारेल उद्या, काय काय पाहिलं म्हणून. त्याच्यासाठी तरी जायला पाहिजे."

केबल कारच्या डब्यात आमच्यासमोर एक तरुण जोडपं बसलं. दोघांनी सारखेच पिवळे स्वेटर घातले होते आणि ती मुलगी कागदी पेल्यातल्या माशाच्या वड्या काडीने खात होती. दार लागलं, डबा हलला, आणि खालची जमीन संपून पाणी सुरू झालं. तळाला काच होती. आईने पाय जरा वर उचलले, मग पुन्हा टेकवले. जोडपं कुजबुजत होतं, बहुधा आमच्यामुळे. पाण्यावर एक नाव दोरीला बांधून ठेवलेली दिसली. आमच्या माहितीत म्हटलं आहे की हा प्रवास आठ मिनिटांचा आहे. चारेक मिनिटं गेली असावीत. आई समुद्राकडे पाहत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती, म्हणजे माझ्या तोंडाकडे, आणि एवढी वर्षं मी ज्याला ममता समजत आले ते हे होतं, की तेही होतं, मला माहीत नाही. मी वाट पाहिली, आता काहीतरी आत हलेल. हललं नाही. फक्त ओठ कोरडे पडले होते. मी ते जिभेने ओले केले आणि आयुष्यात पहिल्यांदा आईशी आवाज न काढता बोलले.

"त्या दिवशी," मी नुसत्या ओठांनी म्हटलं. "मोड खुडत होतीस. मी फोनवर होते. मी काय म्हटलं, ते पाहिलंस?"

आईने हात कानामागे नेला नाही. "हां? काय?" म्हटलं नाही. ती बराच वेळ माझ्या ओठांकडे पाहत राहिली, जसं काही वाक्य अजून संपायचं आहे. मग ती तिच्या त्या मोठ्या, बेसूर आवाजात बोलली, आणि समोरची मुलगी काडी तोंडात धरून थांबली.

"त्या दिवशी होय? तुझ्या तोंडात घास होता. घास असला की मला काही म्हणजे काही कळत नाही."

त्या दिवशी माझी तपासणी होती. पोटाची, दुर्बिणीतून. आदल्या संध्याकाळपासून माझ्या पोटात पाण्याचा थेंब गेला नव्हता, दवाखान्यात जायच्या आधी मी दादाला फोन लावला होता. आईने सकाळीच माझं पान झाकून बाजूला ठेवलं होतं, आल्यावर खा म्हणून.

समोरच्या मुलाने उगाच खिडकीबाहेर कुठल्यातरी बेटाकडे बोट दाखवलं. पलीकडचं स्थानक जवळ आलं होतं, डब्याचा वेग कमी होत होता. आई अजून पाहत होती. मी चेहरा तिच्यासमोर सरळ धरला, तिला नीट दिसावं म्हणून, आणि एकेक अक्षर सुटं करून, आवाज न काढता म्हटलं, "हो. घास होता."

आईने मान हलवली, आणि मग ती समुद्राकडे पाहायला लागली.